माझ्या पोटातला टीव्ही

मी सलूनमधला आरसा बोलतोय. हो, तोच, ज्याच्यासमोर बसून तुम्ही मान तिरकी करता, गाल फुगवता आणि आपण दिसायला तसे बरे आहोत अशी स्वतःची समजूत काढता. आज जरा माझंही ऐका. आजवर मी तुमचं सगळं दाखवत आलो, माझं काहीच बोललो नाही. पण गेली काही वर्षं माझा नुसता जळफळाट चाललाय, आणि तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. आधी मी साधी काच होतो. मग एका कारागिराने मला आडवं निजवलं, पाठीवर चकचकीत लेप दिला, त्यावर तांबडा रंग चढवला आणि उभं करून पुसलं. त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं, त्यामुळे माझ्यात पडलेला पहिला चेहरा अर्धाच होता. पण त्या अर्ध्या चेहऱ्यानेही भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, आणि तिथूनच माझ्या डोक्यात हवा गेली.

मला विकत घेतलं ते थोरल्यांनी. थोरले म्हणजे या सलूनचे मूळ मालक. त्यांनी मला रजईत गुंडाळून हातगाडीवर घातलं आणि सगळा रस्ता ते एक हात माझ्यावर ठेवून चालत आले. दुकानात खुर्ची एकच. त्या खुर्चीच्या बरोबर समोर, चार स्क्रूंवर त्यांनी मला लावलं. खाली फळी, फळीवर कंगवे, कात्र्या, पाण्याचा फवारा. मागच्या भिंतीला गिऱ्हाइकांचा बाक. सांगायचं एवढंच, की दुकानातली सगळ्यात मानाची जागा माझी होती.

आणि काय मान होता म्हणून सांगू! खुर्चीत बसलेला माझ्याकडे बघायचा, बाकावरचे चौघे माझ्याकडे बघायचे, खुद्द थोरले तर दिवसभर माझ्याकडे बघूनच काम करायचे. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं आणि दोन्ही कल्ले एका रेषेत आले का ते आरशात बघायचं, ही त्यांची पद्धत. बोलणंही तसंच. गिऱ्हाइकाच्या टाळूशी काय बोलणार? म्हणून ते आरशातल्या चेहऱ्याशी बोलायचे आणि समोरचाही आरशातल्या थोरल्यांना उत्तर द्यायचा. माणसांची भांडणं, सोयरिकी, आजारपणं, सगळं आधी माझ्यावर येऊन आदळायचं आणि मग दुसऱ्याला पोचायचं.

थोरल्यांचा मुलगा, त्याला मी धाकटा म्हणतो, तो मिसरूड फुटल्यावर इथेच शिकला. थोरले त्याच्यामागे उभे राहायचे आणि काही चुकलं की आरशातून डोळे वटारायचे. बरोबर आलं तर हनुवटी जराशी वर करायचे. बस. 'शाब्बास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही.

पुढे थोरल्यांचे हात थरथरू लागले. एका सकाळी त्यांनी वस्तरा फळीवर ठेवला तो परत उचलला नाही. दुकान धाकट्याचं झालं. तेव्हापासून थोरले दर मंगळवारी, दुकान उघडल्या उघडल्या, गिऱ्हाईक म्हणून येतात. खुर्चीत बसतात, दाढी करून घेतात, कल्ले सारखे करून घेतात, आणि सगळं झालं की माझ्याकडे रोखून बघून हनुवटी वर करतात. मी त्या हनुवटीची आठवडाभर वाट बघायचो. मला वाटायचं, ती माझ्यासाठीच आहे. इतक्या वर्षांचा घरोबा आमचा.

आणि मग तो आला.

सवतीमत्सर फक्त बायकांना होतो असं ज्याने ठरवलं, त्याच्या भिंतीवर आरसा नसावा. धाकट्याने टीव्ही आणला आणि बाकाच्या वर, मागच्या भिंतीला टांगला. मला आधी हायसं वाटलं. म्हटलं, मागे आहे ना, राहू दे. पण पहिलंच गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि माझ्याकडे टक लावून बघू लागलं. मी सुखावलो. मग लक्षात आलं, की त्याची नजर माझ्या वरच्या कोपऱ्यात खिळली आहे आणि त्या कोपऱ्यात, माझ्याच पोटात, टीव्ही चालू आहे! म्हणजे बघायचं माझ्याकडे आणि बघायचं त्याला. वैऱ्याला पोटात वागवायची वेळ आली हो माझ्यावर. बाकावरचेही मान वळवायचा कंटाळा करून माझ्यातूनच बघायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बरं, बघण्यासारखं काही असेल तर एक वेळ मन मोठं केलं असतं. मी काही मुद्दाम बघणारा नाही, समोर येईल ते बघावं लागतं, पण दिवसाला दहा तास बघितल्यावर माणसालाच काय, आरशालाही मत असतं.

मालिकाच घ्या. त्यातली सासू चार वर्षं एकच जिना उतरतेय. कोणी कोणाला काही सांगितलं, की सगळ्यांचे चेहरे तीन-तीन वेळा दाखवतात. अहो, मीही चेहरे दाखवतो, पण एकदा दाखवतो आणि विषय संपतो. सून झोपेतून उठते ती लिपस्टिक लावून. नायकाच्या कपाळावर अपघाताची पट्टी असते, ती बुधवारी डावीकडे आणि शुक्रवारी उजवीकडे. हे कोणाच्या लक्षात येत नाही, माझ्या येतं, कारण डावं-उजवं सांभाळणं हाच माझा जन्माचा धंदा. मी एकदा जरी अशी चूक केली असती तर थोरल्यांनी मला भंगारात दिलं असतं. याला मात्र सगळं माफ.

बातम्यांमध्ये आठ चौकोनांत आठ माणसं बसतात आणि एकदम ओरडतात. मधला प्रश्न विचारतो आणि उत्तर देऊ देत नाही. आमच्या बाकावरही वाद होत, पण ज्याची पाळी येई तो खुर्चीत बसला, गळ्याला वस्तरा लागला, की आपोआप दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा. त्या आठ जणांना एक न्हावी मिळाला तर बातम्या पाच मिनिटांत उरकतील. गाण्याच्या स्पर्धेत पोरगं गातं, परीक्षक रडतात, आई रडते, आणि त्या सगळ्यांच्या आधी मागचं संगीत रडायला लागतं. स्वयंपाकाच्या स्पर्धेत नखाएवढा घास घेऊन डोळे मिटतात. सात दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या क्रीमच्या जाहिराती तर माझ्यासमोर करूच नका. मी पस्तीस वर्षं चेहरेच बघतोय.

पण लोक बघायचे. समोरच्या कुलूपवाल्याचं उदाहरण सांगतो. रस्त्यापलीकडे त्याचं किल्ल्या बनवायचं टपरीवजा दुकान आहे, पण त्याचं बूड आमच्या बाकावर. माझ्यातून टीव्ही उलटा दिसतो, त्यामुळे खालची बातम्यांची पट्टी उलटी अक्षरं घेऊन उलट्या दिशेने पळायची. या पठ्ठ्याला ती वाचता येऊ लागली. फडाफडा वाचायचा. एकदा क्रिकेटचा सामना चालू होता, तर अमुक एक गोलंदाज डावखुराच आहे म्हणून त्याने आठवडाभर सगळ्या गल्लीशी वाद घातला.

"अरे, मी रोज बघतो त्याला! डाव्या हातानेच टाकतो!"

"तू आरशात बघतोस, शहाण्या," धाकटा म्हणाला.

"मग काय झालं? आरसा काय खोटं दाखवतो?"

तेवढं एक वाक्य बोलल्याबद्दल मी त्याला बाकी सगळं माफ केलं.

टीव्हीवर मी जळायचो, पण त्यालाही जळायला लावणारा कोणीतरी येणार आहे हे मला माहीत नव्हतं. मोबाईल आला. आता गिऱ्हाईक कापडाच्या आत फोन घेऊन बसू लागलं. पोटाशी उजेड, मान खाली, आणि धाकटा बिचारा, "मान वर, साहेब. मान वर." एका डोक्याला वीस वेळा म्हणायचा. फोनमध्ये काय असायचं? फळीवरून पडणारं मांजर. साबणाचे तुकडे करणारा हात. एक अक्षर न बोलता ताटभर जेवणारा माणूस, ज्याला जेवताना बघण्यासाठी दुसरा माणूस स्वतःचं जेवण लांबवतो. कुलूपवाल्याने एकदा दहा सेकंदांत बंद कुलूप उघडायचा व्हिडिओ बघितला आणि त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. मला त्याची कीव आली नाही. म्हटलं, बघ आता, आपला धंदा दुसऱ्याने दहा सेकंदांत करून दाखवला की कसं वाटतं ते.

टीव्ही भिंतीवर एकटाच बडबडू लागला. मला वाईट वाटलं? छे! बरं वाटलं.

पण ते बरं वाटणं एका दुपारी संपलं. एका तरुणाचे केस कापून झाले. धाकट्याने कापड झटकलं, हातातला छोटा आरसा मागे धरला. तो तरुण माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता, आणि त्याने काय करावं? खिशातून फोन काढला, त्याचा कॅमेरा स्वतःकडे फिरवला आणि भांग फोनमध्ये बघितला! माझ्या तोंडावर! इतका अपमान माझा आजवर माशीनेही केला नव्हता.

आणि याच सुमारास माझ्या जागेवर गदा आली.

धाकट्याच्या बायकोचा भाऊ अधूनमधून दुकानात डोकावतो. मेहुण्याला प्रत्येक गोष्ट आधुनिक करायची हौस. एक दिवस खुर्चीत फिरून बसत तो म्हणाला, "भाऊजी, सगळ्या जगात टीव्ही सरळ दिसतो. तुमच्याच दुकानात उलटा. कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये बघा, खुर्चीसमोर हा एवढा पडदा. गिऱ्हाईक तिकडे पळतंय ते काय उगाच?"

"मग काय करू?"

"सोपं आहे. टीव्ही पुढे लावा, आरसा मागे. फोनमधले व्हिडिओही टीव्हीवर लावू. मान खाली घालायचं कारणच उरणार नाही."

"आणि आरसा?"

"असेल की मागे. शेवटी उठून बघतील. कापताना कोणाला काय बघायचं असतं?"

मला वाटलं, धाकटा त्याला हाकलून देईल. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाकाकडे. बाक रिकामा होता. नव्या सलूनची धास्ती त्याला होतीच. तो म्हणाला, "बघू करून."

सोमवारी दुकान बंद असतं. मेहुणा ड्रिल घेऊन आला. मला उतरवताना माझा डावा कोपरा, म्हणजे तुमच्या बाजूने उजवा, फळीवर आपटून फुटला. कोणी हळहळलं नाही. मला बाकाच्या वर मागच्या भिंतीला लटकवलं आणि माझ्या जागी, माझ्या हक्काच्या जागी, त्याला लावलं. आता तो पोटात नव्हता, समोरच होता. मी रात्रंदिवस त्याच्याकडे बघावं अशी ती शिक्षा होती. बंद असताना तो नुसता काळा दिसायचा, तरी मला तो हसतोय असं वाटायचं.

मला एकच घोर लागला होता. उद्या मंगळवार. थोरले येणार. त्यांना मी समोर दिसलो नाही तर ते काय करतील? ते चिडतील, मेहुण्याला झापतील, मला पुन्हा जागेवर बसवतील, अशी माझी खात्री होती. ते नाही तर मग जगात माझ्याकडे बघणारं कोणी उरलंच नव्हतं.

थोरले आले. त्यांनी समोरच्या टीव्हीकडे बघितलं, मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले. मला आता त्यांचं फक्त डोकं मागून दिसत होतं.

टीव्हीवर केक बनवायची स्पर्धा लागली होती. मेहुणा बाजूला हाताची घडी घालून उभा, बाकावर माझ्या खाली कुलूपवाला. धाकट्याने दाढी केली, ती चांगलीच झाली. मग कल्ले. उजवा घेतला, डावा घेतला, आणि सवयीप्रमाणे दोन्ही सारखे आले का बघायला मान वर केली. समोर एक बाई केक कापत होती.

तो गडबडला. एका बाजूने वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं, अंगठा लावून मोजलं.

"डावा जरा खाली आहे," कुलूपवाला म्हणाला.

धाकट्याने डावा वर घेतला.

"आता उजवा खाली वाटतोय," मेहुणा म्हणाला.

त्याने उजवा वर घेतला. पुन्हा सवयीने मान वर. केकवर आता चेरी बसवत होते. मग परत डावा, परत उजवा. एरवी आरशात एका नजरेत होणारं काम, त्यासाठी तो खुर्चीभोवती घाण्याला जुंपल्यासारखा फिरत होता. कल्ले वर चढता चढता कानांच्याही वर गेले आणि आणखी वर जायला केसच राहिले नाहीत, तेव्हा कात्री थांबली. खरं सांगतो, मला उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, भोगा आता फळं!

थोरले उठले. गळ्यात कापड तसंच. केसांचा सडा पाडत ते मागे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. कुलूपवाल्याने पाय आखडून घेतले. धाकटा कात्री हातात घेऊन त्यांच्यामागे आला, मान खाली घालून.

"बाबा, वाढतील हो आठवड्याभरात."

"कल्ल्यांचं काय घेऊन बसलास?" थोरले म्हणाले. ते माझ्यात बघत होते. मी त्या हनुवटीची वाट बघत होतो. "मी तीनदा समोर बघितलं. तिथे ती बाई केक कापतेय, आणि तू कुठेच दिसेनास."

"मी मागेच तर होतो तुमच्या."

"मागे असशील रे. मला दिसत नव्हतास." थोरल्यांनी गळ्यातलं कापड सोडलं. "मी काय दाढीसाठी येतो इथे? दाढीचं यंत्र सूनबाईने घरी आणून दिलंय. घरी तू कधी माझ्यासमोर बसतोस? जेवताना फोनमध्ये, नाहीतर पाठ करून. मंगळवारी अर्धा तास आरशात दिसतोस, तेवढंच तुला बघून घेतो. तुझे हात बघतो. आज तेही नाही."

दुकानात फक्त केकवाली बाई बोलत होती. मेहुण्याने रिमोट शोधून तिला गप्प केलं.

"मग ते तुम्ही हनुवटी वर करायचात, ते..." धाकटा म्हणाला.

"काय करणार मग? तोंडाने म्हटलं असतं तर चढून बसला असतास." थोरल्यांनी आरशातून त्याच्याकडे बघितलं. "चांगलं काम करतोस. आजचे कल्ले सोडून."

धाकटा हसला, आणि मग त्याने मान वळवून बाहीला डोळे पुसले. दोघांच्या नजरा माझ्या बरोबर मधोमध एकमेकांना भेटल्या होत्या.

आणि मी? मला कोणी विचारू नका. सगळ्या आयुष्यात एक माणूस माझ्याकडे बघतो असं मी धरून चाललो होतो, आणि तोही माझ्याकडे बघत नव्हता. माझ्यातून मुलाकडे बघत होता. ज्या हनुवटीसाठी मी सहा दिवस झुरायचो ती धाकट्याची होती. टीव्हीने माझं काहीच नेलं नव्हतं, कारण माझं असं काही नव्हतंच. त्या क्षणी टीव्हीवरचा माझा सगळा राग धाकट्यावर गेला.

त्याच दुपारी धाकट्याने मला स्वतःच्या हाताने उतरवलं आणि पुन्हा खुर्चीसमोर लावलं. मेहुणा रुसून आठ दिवस आला नाही. टीव्ही परत मागे गेला. कुलूपवाल्याने पट्टी वाचून बघितली आणि म्हणाला, "हां, आता सरळ दिसतंय."

आज मी माझ्या जागेवर आहे. फुटक्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावली आहे, कडेने लेप काळा पडत चाललाय. टीव्ही पुन्हा पोटात आहे, सासू अजून जिना उतरतेच आहे. मंगळवारी थोरले येतात. आता ते हनुवटी वर करत नाहीत, तोंडाने बोलतात, आणि धाकटा मुद्दाम काम रेंगाळत करतो. ते दोघे एकमेकांकडे बघत राहतात, आणि मी त्या दोघांच्या मध्ये लटकून जळत राहतो.

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. बाथरूममध्ये, कपाटाच्या दारात, कुठेतरी. त्याच्यासाठी एवढं करा. उद्या सकाळी भांग पाडायच्या आधी एकदा, एकदाच, स्वतःला सोडून त्याच्याकडे बघा. जमायचं नाही, मला माहीत आहे. मध्ये तुमचाच चेहरा येईल.